मुरलं की नासलं?

आम्ही कोरियात व्हिलामध्ये राहतो. नातेवाइकांना फोनवर मी एवढंच सांगतो, पुढचं सांगत नाही. पुढचं असं, की कोरियात 'व्हिला' म्हणजे लिफ्ट नसलेली तीन-चार मजली इमारत. आपल्याकडे तिला कुणी 'सदन' किंवा 'निवास' म्हटलं असतं. तळमजल्यावर घरमालकीण, मधे दोन भाडेकरू, वर आम्ही आणि आमच्या डोक्यावर गच्ची. गच्चीत मातीचे सात रांजण. देजॉन शहरातल्या एका संस्थेत बायको संशोधन करते. मी घरी बसून भाषांतरं करतो आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक करतो. भाषांतर बिघडलं तर संपादक आठवड्याने कळवतो. आमटी बिघडली तर निकाल जागच्या जागी लागतो.

आता थोडं माझ्या नाकाविषयी. आमचं घर वेंगुर्ल्याकडचं. जवळा, सोडे, सुका बांगडा यांच्या वासात हे नाक वाढलं. बायको सदाशिव पेठेतली, तिचं नाक साजूक तुपावर पोसलेलं. लग्नानंतर वर्षभर आम्ही तिच्या आईच्याच इमारतीत, दोन मजले वर, भाड्याने राहिलो. एका रविवारी मी सुका बांगडा भाजला. सोमवारी सकाळी जिन्याखालच्या फलकावर सूचना लागली: 'तिसऱ्या मजल्यावर काहीतरी कुजले आहे. संबंधितांनी त्वरित दखल घ्यावी.' संबंधित म्हणजे मी. बांगडा कुजलेला नव्हता. मिठात आणि उन्हात तपश्चर्या करून तो त्या पदाला पोचला होता. पण हे फलकावर कुठे लिहीत बसणार? सूचना टपोऱ्या, वळणदार अक्षरात होती. सोसायटीच्या सगळ्या सूचना सासूबाई लिहायच्या, कारण इमारतीत अक्षर त्यांचंच चांगलं. मी तेव्हा काही बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. मुरलेलं आणि नासलेलं यांत फरक काय? माझं उत्तर सोपं होतं. आपल्या घरात असेल तर मुरलेलं, शेजारच्या घरात असेल तर नासलेलं.

कोरियात आल्यावर पहिल्या थंडीत मी ठरवलं की किमची घरीच करायची. मोबाइलवर एक बाई हसत हसत अकरा मिनिटांत करत होत्या. इथला लांबट, पानांचा कोबी तान्ह्या बाळाएवढा असतो. तसाच कडेवर घेऊन मी तो चार जिने चढून आणला, चार फाका केल्या आणि वर जेवणातलं बारीक मीठ भुरभुरलं. तासाभराने धुतला, तिखट-लसूण फासलं, प्लास्टिकच्या डब्यात काठोकाठ दाबून भरला आणि झाकण गच्च लावून कपड्यांच्या कपाटात ठेवला, कारण कोरियन घरात जमिनीखालून ऊब देतात आणि त्यातल्या त्यात गार जागा तेवढीच होती. तिसऱ्या रात्री कपाटात स्फोट झाला.

२००८ साली यी सो-यॉन ही पहिली कोरियन अंतराळवीर अवकाशस्थानकात गेली तेव्हा सोबत किमचीही गेली. पण त्याआधी शास्त्रज्ञांनी किरणांचा मारा करून त्या किमचीतले जीवाणू मारून टाकले होते. वर जाऊन ती फसफसली असती तर काय घ्या! माझ्या कपाटासाठी एवढा विचार कुणी केला नव्हता. बायकोच्या पांढऱ्या लॅबकोटावर जे उडालं ते अजून पुरतं गेलेलं नाही. संस्थेत लोकांना वाटतं, प्रयोग गंभीर आहेत.

आवाजाने घरमालकीणबाई वर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, केस कुरळे करून घेतलेले, गुडघे दुखरे, पण आवाजाला गुडघे नसल्यामुळे तो त्यांच्या आधी चार जिने चढून आला. त्यांना सगळे 'हाल्मोनी' म्हणतात, म्हणजे आजी. मला त्या 'इंदो सिल्लांग' म्हणतात, म्हणजे इंडियाचा नवरदेव. लग्नाला सात वर्षं झाली तरी माझी ही बढती त्यांनी काढून घेतलेली नाही. माझ्या अंगावर एप्रन बघून त्या आधी खो खो हसल्या. मग त्यांनी एक जुनं कोरियन वचन ऐकवलं: पुरुष स्वयंपाकघरात शिरला की त्याची मिरची गळून पडते. मिरचीला कोरियन शब्द कोचू. त्याचा दुसरा अर्थ त्यांनी हातवारे करून सांगितला. तो इथे सांगत नाही, पण पूर्वी कोरियात मुलगा झाला की दारावर गवताच्या दोरात लाल मिरच्या टांगायचे, यावरून सुज्ञांनी काय ते समजावं. मग डब्यात उरलेली किमची हुंगून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि जाहीर केलं, की उद्या सकाळी आठ वाजता खाली यायचं.

धडा पहिला: मीठ. जाडं मीठ, मिठागरातलं, बारीक मुळीच नाही. कोबीच्या पानापानांत ते घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी पानाचा पांढरा जाड देठ वाकवून बघायचा, वाकला पाहिजे आणि मोडता कामा नये. मी वही काढली. "मीठ किती?" हाल्मोनी म्हणाल्या, "जॉक्तांगी." लसूण किती? जॉक्तांगी. तिखट? जॉक्तांगी. रात्री शब्दकोश उघडला. जॉक्तांगी म्हणजे बेताने, जेवढ्यास तेवढं. म्हणजे माझी आई ज्याला 'अंदाजाने' म्हणते तेच हे. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहून मराठी अंदाजाला वाटी-चमच्यात पकडलं. हाल्मोनींच्या अंदाजाला अजून कुणी पकडलेलं नाही. त्या अंदाजाच्या एक पाऊल पुढे म्हणजे 'सोन-मात'. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. एखादीच्या हाताला चव असते हे कळायला कोरियात भाषांतरकार लागत नाही.

दुसऱ्या धड्याला माझं नशीब उघडलं. तांदळाच्या पिठाची पातळ खळ, त्यात लाल तिखट, लसूण, आलं, मुळ्याचा कीस, कांद्याची पात. मग त्यांनी एका बरणीचं झाकण काढलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. परदेशी माणूस इथे पळतो, असा त्यांचा अनुभव. बरणीत खारवलेली बारीक कोळंबी होती, तिला सेउजॉत म्हणतात. मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. वेंगुर्ल्याचा बाजार, जवळ्याचे ढीग, काळ्या पिशव्या आणि आईशी भावावरून हुज्जत घालणारी कोळीण, सगळं एका श्वासात आलं. मी बोटाने चाखून आणखी मागितलं. हाल्मोनींनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की खळ सांडली. त्या दिवशी मी पास झालो ते हाताने नाही, नाकाने.

पहिली बरी किमची झाली त्याच संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, की पुण्यात परत गेल्यावर कोरियन खानावळ काढू. खुर्च्या कोणत्या रंगाच्या इथपर्यंत आलो होतो. हाल्मोनींच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, मोदकासारखा तांदळाचा 'तॉक' देणाऱ्याच्या मनातही नाही आणि हा आधीच किमचीचं पाणी पिऊन बसलाय. म्हणजे बाजारात तुरी. भट मी, भटणी संस्थेत आणि हाणामारी तेवढी बाकी.

कोरियन जेवण म्हटलं की डोळ्यांपुढे लाल रंग येतो, पण हा लाल रंग तसा उपराच. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगिजांनी ती गोव्यात उतरवली, आणि कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे आली असं मानतात. १६१४ सालच्या एका कोरियन ग्रंथात तिची नोंद आहे, ती 'फार विषारी' म्हणून. आज त्याच देशात मिरचीवाचून पान हलत नाही. आपल्याकडे तरी दुसरं काय झालं? मिरचीशिवाय वऱ्हाडी ठेचा आणि मालवणी मसाला डोळ्यांपुढे आणून बघा, नुसतं मीठ आणि अभिमान उरतो.

मिरची रुळण्याआधीचं कोरियन स्वयंपाकघर बघायचं तर जांग ग्ये-ह्यांग या बाईंची वही बघावी. १६७० च्या सुमारास, म्हातारपणी, त्यांनी 'उम्सिक दिमिबांग' हे पाकपुस्तक लिहिलं. एका बाईने हांगुल लिपीत लिहिलेलं हे सर्वांत जुनं कोरियन पाकपुस्तक मानतात. त्यात मिरची कुठेही नाही. पण माझं मन बसलं ते शेवटच्या मजकुरावर. बाईंनी लिहून ठेवलंय, की डोळे अधू झाले असताना हे लिहिलं आहे. मुलींनी हवं तर उतरवून न्यावं, वही माहेराहून उचलून न्यायचा विचारही मनात आणू नये, आणि फाडू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही आई आणि माहेराहून निघताना लेकीची पिशवी चाचपणारी आपल्याकडची आई, यांच्यात समुद्र असेल, फरक काही दिसत नाही. वही त्या घराण्यात राहिली, त्याअर्थी मुलींनी ऐकलं.

मधल्या काळात मी काही पदार्थ शिकलो, काहींनी मला शिकवलं. बिबिमबापमध्ये भातावर सात रंगांच्या भाज्या मी रांगोळीसारख्या मांडल्या आणि फोटो काढत बसलो. हाल्मोनींनी चमचा घेतला आणि त्या रांगोळीचा तीन सेकंदांत गोपाळकाला केला. खायचं ते असंच. तळाला भाताची खरपुडी धरली की ती टाकायची नाही. तिच्यात पाणी घालून उकळायचं आणि जेवणानंतर चहासारखं प्यायचं. हे मला लगेच पटलं, कारण करपवण्यात माझा हात आधीपासून बसलेला आहे. बायकोची मुलाखत होती त्या दिवशी सकाळी मी प्रेमाने मियॉक-गुक केलं, समुद्रशेवाळाचं सूप. बाळंतिणीला देतात, वाढदिवसाला करतात, म्हटलं शुभच असणार. हाल्मोनी वाडगा बघून किंचाळल्या. शेवाळ गुळगुळीत असतं, परीक्षेच्या दिवशी खाल्लं की माणूस घसरतो, म्हणजे नापास होतो. त्या दिवशी चिकट पदार्थ खातात, चिकटून राहायला. मी पुण्याची पद्धत म्हणून घाईघाईने दही-साखर हातावर ठेवली. बायको म्हणाली, एकाच पोटात दोन देशांच्या श्रद्धा भांडत असताना मला उत्तरं कशी सुचणार? नोकरी मिळाली. श्रेय कोणत्या देशाचं, हे घरात अजून ठरलेलं नाही.

आता गच्चीतले रांजण. कोरियन स्वयंपाकाचा जीव किमचीत नाही, त्या रांजणांत आहे, हे माझं ठाम मत झालंय. थंडीच्या तोंडाला सोयाबीन उकडून, कुटून त्याच्या विटा करतात. त्यांना मेजू म्हणतात. भाताच्या पेंढ्याने बांधून त्या टांगतात, कारण पेंढ्यातले जीवाणू त्यात उतरायला हवेत. त्यांना भेगा पडतात, बुरशी येते आणि वास येतो. कोणता? पावसाळ्यात दोन दिवस भिजलेले मोजे बुटातून काढल्यावर येतो, तो. रूप तर असं, की कुरूप माणसाला कोरियात 'मेजू' म्हणतात. वसंताच्या आधी या विटा मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, चाळीस ते साठ दिवसांनी काढायच्या. पाणी म्हणजे कानजांग, सोया सॉस. गाळ म्हणजे ट्वेनजांग, जे रोजच्या रश्श्यात पडतं. ही विद्या २०२४ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. रांजणात वर सुक्या लाल मिरच्या आणि कोळसा तरंगत ठेवतात आणि बाहेरून पांढऱ्या कागदाचा कापलेला मोजा उलटा चिकटवतात, दृष्ट लागू नये म्हणून. आम्ही दाराला लिंबू-मिरची टांगतो हे सांगितल्यावर हाल्मोनींनी पहिल्यांदा माझ्याकडे सुशिक्षित माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

पण खरी परीक्षा चॉन्गुकजांगची. हा त्याच सोयाबीनचा उतावळा भाऊ, दोन-तीन दिवसांत तयार होतो. उकडलेले दाणे उबेला पांघरुणात गुंडाळून ठेवायचे. तार सुटली की झालं. डिसेंबरात एकदा हाल्मोनी पांघरुणाचं बोचकं घेऊन वर आल्या आणि आमच्या झोपायच्या खोलीत, जमीन सगळ्यात गरम असते तिथे, ठेवून गेल्या. त्यांचा मुलगा आणि सून सोलहून येणार होते आणि नातू 'नेमसे! नेमसे!' म्हणजे 'वास! वास!' करून घर डोक्यावर घेतो. सख्खा नातू आणि तो आजीच्या मुरलेल्याला नासलेलं म्हणतो! माझं सोपं उत्तर इथेच हललं. शेजारी कशाला, एका घरात दोन पिढ्या पुरतात.

रात्री बायको घरी आली, दारात थांबली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "तीन दिवस आहे, पाहुणा आहे."

तिने उशी उचलली आणि तीन दिवस बाहेरच्या खोलीत काढले. तिसऱ्या रात्री त्याच दाण्यांचा रस्सा, टोफू आणि आंबट किमची घालून, हाल्मोनींनी वर पाठवला. ती नाक धरून बसली, एक चमचा घेतला, नाक सोडलं आणि भांडं आपल्याकडे ओढलं. मला तळाचं उरलं.

पुढच्या नोव्हेंबरात सासूबाई आल्या. सोबत पाच किलोंचा कैरीच्या लोणच्याचा डबा, कारण लेकीला परदेशात लोणचं मिळत नसेल. आल्या त्या नेमक्या किमजांगच्या आठवड्यात. किमजांग म्हणजे हिवाळ्याची सामुदायिक किमची. शेजारपाजारच्या बायका, लाल रबरी हातमोजे, लाल रबरी घमेली आणि कोबीचे डोंगर. पूर्वी कंपन्या त्यासाठी बोनस द्यायच्या. दक्षिण कोरियाची ही प्रथा २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेली, उत्तरेची २०१५ साली, म्हणजे वाटण्या झाल्या तरी लोणच्याची बरणी दोन्ही भावांकडे आहे. हाल्मोनी सांगतात, त्या सून म्हणून आल्या तेव्हा घरात शंभर गड्डे व्हायचे. आता चाळीस. १९९५ नंतर घरोघरी शिरलेले किमचीचे खास फ्रिज आहेत, जमिनीत रांजण पुरायला नकोत. हाल्मोनींकडे असे दोन आहेत. साधा फ्रिज एकच, त्यात औषधं.

सासूबाईंनी भेट म्हणून लोणच्याची वाटी पुढे केली. हिंगाचा भपकारा आला. हाल्मोनींनी मान मागे घेतली आणि काळजीने विचारलं, "सांगहेस्सॉ?" याचा अर्थ 'नासलंय का?'

सासूबाईंना ते 'सांग, हे कसं?' असं ऐकू आलं. "सांगते की!" म्हणत त्या खाली बसल्या आणि शुद्ध मराठीत सुरू झाल्या. कैरी राजापुरी घ्यायची, पुसून कोरडी करायची, मोहरीची डाळ, मेथी तळून कुटायची, हिंग तेलात फुलवायचा. मी मधे पडलो नाही. भाषांतर हा माझा धंदा आहे आणि ते कुठे करू नये हे त्यात आधी शिकतात. मिठापाशी आल्यावर त्यांनी ओंजळ अर्धी मिटून दाखवली, "अंदाजाने." हाल्मोनींनी तशीच ओंजळ मिटली, "जॉक्तांगी." दोघींनी माना डोलावल्या. मग हाल्मोनींनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिचकावले, आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवून आल्या. परत दिली नाही.

मासळीचं अंग असलेली किमची सासूबाईंना चालणार नव्हती. हाल्मोनींनी चार गड्डे वेगळे काढले. कोरियातले बौद्ध भिक्खू मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही खात नाहीत, त्यांच्या पद्धतीची करून देते म्हणाल्या. मी हे समजावल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लसूण घाला म्हणावं हो, चातुर्मास संपलाय." दिवसभर त्या लाल हातमोजे घालून पानापानांत मसाला भरत होत्या. किमजांगच्या शेवटी ताज्या किमचीबरोबर उकडलेलं डुकराचं मांस खायची पद्धत आहे. त्यांना टोफू मिळाला. माझ्या पानात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जावई-सासूचे संबंध असेच टिकतात.

कोरियन भाषेत 'इक्ता' असं एक क्रियापद आहे. फळ पिकलं, मांस शिजलं, किमची मुरली, सगळ्याला तेच. चेहरा ओळखीचा झाला तरी 'चेहरा इकला' म्हणतात. सासूबाई निघाल्या तेव्हा हाल्मोनींनी त्यांचे गाल धरून असंच काहीसं म्हटलं. मी भाषांतर केलं, "तुम्ही मुरल्या आहात म्हणतात." सासूबाई म्हणाल्या, "सत्तरीत नाही मुरणार तर कधी?"

परवा त्यांचा पुण्याहून फोन आला. रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कंपन्यांमुळे पुण्यात कोरियन तिखट मिळतं, ते त्यांनी शोधून काढलंय. सहा गड्डे केले, माळ्यावर ठेवले. सोबत फलकाचा फोटो पाठवला. हल्ली सोसायटीच्या सूचना सेक्रेटरी टाइप करून लावतो: 'पहिल्या मजल्यावर काहीतरी कुजले आहे. संबंधितांनी त्वरित दखल घ्यावी.'

त्याखाली पेनाने, मला चांगल्याच ओळखीच्या टपोऱ्या, वळणदार अक्षरात दोन शब्द लिहिले आहेत: 'मुरत आहे.'